गाडीची आवड जपून ब्रँडचा तोरा कसा सोडावा

दुचाकी चालवणाऱ्याचे आपल्या गाडीशी जे नाते जुळते, ते मोटारीत बसणाऱ्याचे सहसा जुळत नाही, आणि याचे कारण अगदी शारीरिक आहे. दुचाकीवर चालक उघड्यावर असतो. इंजिनाची थरथर त्याच्या तळहातांना आणि तळपायांना जाणवते, वळणावर गाडी झुकवायची तर स्वतःचे अंगही झुकवावे लागते, आणि तोल सुटला तर गाडीबरोबर तोही पडतो. अशा यंत्रावर जीव जडणे स्वाभाविक आहे आणि मला ते चांगलेही वाटते. मात्र याच जिव्हाळ्याच्या आडोशाने आणखी एक गोष्ट वाढते. आपल्या टाकीवरचे नाव श्रेष्ठ, म्हणून इतर नावांच्या गाड्या चालवणारे कमी प्रतीचे, असा समज हळूहळू मुरतो. मग स्कूटरवाल्याच्या नमस्काराला उत्तर द्यायचे नाही, लहान इंजिनाच्या गाडीला खेळणे म्हणायचे, परक्या कंपनीच्या गाडीतला दोष दिसला की हसायचे आणि तोच दोष आपल्या गाडीत निघाला की त्याचे कौतुक करायचे, हे सर्व ओघाने येते. आवड आणि तोरा एकमेकांत इतके गुंतलेले असतात की ते वेगळे करायला थोडी मेहनत घ्यावी लागते. ती कशी घ्यावी, हे येथे सांगायचे आहे.

स्वतःची निष्ठा तपासणे

पहिले काम कागद आणि पेन घेऊन करायचे आहे. आपली कंपनी आपल्याला का आवडते, याची कारणे लिहून काढावीत आणि प्रत्येक कारणापुढे ते कुठून आले याची नोंद करावी: हे मी चालवताना अनुभवले, दुरुस्तीच्या वेळी पाहिले, की कुणाकडून ऐकले? ‘थंडीतही पहिल्या प्रयत्नात सुरू होते’ हे अनुभवाचे कारण झाले. ‘क्लच केबल तुटली तेव्हा सुटा भाग लगेच मिळाला’ हेही झाले. ‘या कंपनीची गाडी म्हणजे खऱ्या चालकाची गाडी’ हे मात्र ऐकीव आहे, कारण त्यात गाडीविषयी काहीच सांगितलेले नाही. ऐकीव कारणे खोडण्याची गरज नाही, त्यांची संख्या किती आहे एवढे पाहावे. यादीतील निम्म्याहून अधिक कारणे ऐकीव निघाली, तर आपली निष्ठा गाडीपेक्षा गाडीभोवतीच्या माणसांवर अधिक आहे, असे समजायला हरकत नाही.

दुसरी कसोटी याहून कठोर आहे. हीच गाडी, एकही नटबोल्ट न बदलता, ज्या कंपनीची आपण टर उडवतो तिच्या नावाने विक्रीला आली असती, तर आपण तेवढेच पैसे मोजून ती घेतली असती का? उत्तर स्वतःलाच द्यायचे असल्यामुळे खरे द्यावे. ‘नाही’ असे उत्तर आले तर आपण किमतीचा काही भाग नावासाठी मोजला आहे. त्यात गैर काही नाही, फक्त तो भाग इंजिनाच्या खात्यावर मांडू नये.

गाडी अजून घ्यायची असेल तर याहून सोपा उपाय आहे. दोन गाड्या चालवून पाहिल्यावर, पैसे भरण्याच्या आधी, दोहोंचे गुणदोष लिहून तो कागद जपून ठेवावा. १९५६ साली जॅक ब्रेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने केलेल्या प्रयोगात सहभागी स्त्रियांनी घरगुती वापराच्या काही वस्तूंना गुण दिले, त्यांपैकी दोनांतील एक वस्तू स्वतःसाठी निवडली आणि नंतर पुन्हा गुण दिले. निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले आणि नाकारलेल्या वस्तूचे घटले, जरी वस्तूंमध्ये तसूभरही फरक पडलेला नव्हता. गाडीच्या बाबतीत तर आपण कितीतरी मोठी रक्कम आणि पुढची कित्येक वर्षे पणाला लावतो. तेव्हा निवडीनंतरचे आपले मत आपल्या निवडीच्या बाजूने झुकणार, हे गृहीतच धरावे. खरेदीपूर्वीचा कागद हा त्या झुकलेल्या मताविरुद्धचा एकमेव साक्षीदार असतो.

माझ्या पहिल्या मोटरसायकलच्या इंजिनातून तेल पाझरत असे. गाडी उभी केली की खाली काळा ठिपका पडे, आणि कुणी विचारले तर मी अभिमानाने सांगत असे की या इंजिनाचा हा स्वभावच आहे. त्याच सुमारास एका मित्राच्या दुसऱ्या कंपनीच्या गाडीतून तेवढेच तेल गळत होते, तर मी त्याला कंपनी बदलण्याचा सल्ला दिला होता. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हे मी यंत्रांच्या बाबतीत अगदी मनापासून करत होतो. पुढे मी प्रत्येक बिघाड, त्याची तारीख, किलोमीटर आणि खर्च एका वहीत लिहू लागलो. वहीत ‘स्वभाव’ असा रकाना नसतो. तेथे ‘गॅस्केट बदलले’ असेच लिहावे लागते, आणि तसे तिसऱ्यांदा लिहिताना मला माझी गाडी प्रथमच नीट दिसली. ती मला त्यानंतरही आवडत राहिली.

बिल्ल्यामागचे यंत्र ओळखणे

ज्याला आपल्या कंपनीचा फार अभिमान आहे त्याने आपल्या गाडीचे भाग कोण बनवते हे एकदा शोधावे. ब्रेक बहुधा ब्रेम्बो किंवा निस्सिनचे, सस्पेन्शन शोवा किंवा कायाबाचे, एबीएसचे यंत्रणाकेंद्र बॉशचे, अशी नावे निघतात, आणि तीच नावे प्रतिस्पर्ध्याच्या गाडीवरही असतात. कधीकधी तर अख्खी गाडीच दुसऱ्याची असते. बीएमडब्ल्यूची १९९३ ची एफ ६५० ही गाडी इटलीत अप्रिलियाच्या कारखान्यात तयार होत असे आणि तिचे इंजिन ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सचे होते. सुझुकीची डीआर-झेड ४०० काही काळ केएलएक्स ४०० या नावाने कावासाकीच्या हिरव्या रंगात विकली गेली. केटीएम, हस्कवर्ना आणि गॅसगॅस यांच्या अनेक गाड्यांत इंजिन आणि सांगाडा एकच असतो. बीएमडब्ल्यूच्या जी ३१० मालिकेची निर्मिती टीव्हीएसने केली. २०२३ साली आलेली ट्रायम्फ स्पीड ४०० बजाजच्या कारखान्यात आणि हार्ले-डेव्हिडसन एक्स ४४० हीरोच्या कारखान्यात बनू लागली.

ही माहिती मिळाल्यावर लोक दोन प्रकारे वागतात. काहीजण लगेच म्हणू लागतात की मग ही ‘खरी’ हार्ले नव्हे किंवा ‘खरी’ बीएमडब्ल्यू नव्हे; म्हणजे तोरा तसाच राहतो, फक्त त्याची सीमारेषा अलीकडे सरकते. दुसरी वाट अधिक उपयोगाची आहे: एखादी गाडी कुठे जोडली गेली यापेक्षा आराखडा कोणी केला, गुणवत्तेची तपासणी कोण करते आणि वॉरंटीची जबाबदारी कोणावर आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. ग्राहकाला ज्याने खरोखर फरक पडतो ते या तीन उत्तरांत आहे.

आपल्याला जे आवडते त्याचे तांत्रिक कारण समजून घेणे, हा तोरा उतरवण्याचा मला सापडलेला सर्वांत चांगला मार्ग आहे. हार्लेचा अडखळता, धडधडणारा आवाज घ्या. तिच्या पारंपरिक इंजिनाचे दोन सिलिंडर ४५ अंशांच्या कोनात असतात आणि दोन्ही पिस्टन क्रँकच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या, एकाच पिनला जोडलेले असतात. त्यामुळे एका स्फोटानंतर दुसरा क्रँक ३१५ अंश फिरल्यावर आणि त्यापुढचा ४०५ अंश फिरल्यावर होतो, आणि या असमान अंतरातून तो ठेका जन्मतो. कंपनीला त्याची किंमत इतकी पुरेपूर कळली होती की १९९४ मध्ये तिने या आवाजाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केला, जो २००० मध्ये तिला मागे घ्यावा लागला. बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर इंजिनाचे सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे निघालेले असतात, आणि १९२३ च्या आर ३२ पासून चालत आलेल्या या रचनेमुळे ते थेट वाऱ्यात राहतात व वजन खाली राहते; मागचे चाक फिरवायला चेनऐवजी शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, असल्यामुळे तेलपाणी वाचते, पण वजन वाढते. जो माणूस आपल्या गाडीविषयी इतके समजून घेतो, त्याला दुसऱ्याच्या गाडीतही कुणीतरी असाच विचार केला असणार हे आपोआप जाणवते, आणि मग कुत्सित बोलण्याऐवजी तो प्रश्न विचारू लागतो.

समजून घेतलेली आवड बदल पचवू शकते, हाही तिचा एक फायदा आहे. ड्युकाटीच्या चाहत्यांना झडपा स्प्रिंगने न मिटता यंत्राने ओढून मिटवणाऱ्या ‘डेस्मो’ रचनेचा मोठा अभिमान आहे; फाबियो तालियोनी या अभियंत्याने १९५६ मध्ये ती कंपनीच्या शर्यतीच्या गाडीत आणली. २०२० साली ड्युकाटीने मुल्तिस्त्रादासाठी जे नवे व्ही-४ इंजिन आणले त्यात साध्या स्प्रिंगच होत्या. काहींना हा धर्मत्याग वाटला. परंतु त्या इंजिनाच्या झडपांची तपासणी ६०,००० किलोमीटरनंतर करायची असते, आणि ही लांबच्या प्रवासाची गाडी आहे. डेस्मो शर्यतीच्या वेगासाठी का जन्माला आली हे ज्याला ठाऊक होते, त्याला प्रवासी गाडीत ती का नाही हेही समजले.

निष्ठा कंपनीला कधी तारते आणि कधी बुडवते

ग्राहकाची निष्ठा कंपनीच्या उपयोगाची असते आणि म्हणूनच ती डोळस हवी. हार्ले-डेव्हिडसन १९६९ मध्ये एएमएफ या समूहाकडे गेली, त्या काळात गाड्यांचा दर्जा घसरला, आणि १९८१ मध्ये कंपनीतीलच तेरा अधिकाऱ्यांनी ती परत विकत घेतली. १९८३ मध्ये हार्ले बाळगणाऱ्या गाडीमालकांचा संघ स्थापन झाला. त्या संघाची कीर्ती सर्वांना माहीत आहे. त्याच सुमारास नवे इव्होल्यूशन इंजिन आले आणि तेलगळतीसारखे जुने दोष आटोक्यात आले, ही गोष्ट तितक्या आवडीने सांगितली जात नाही. गाडी सुधारली म्हणून निष्ठेला आधार मिळाला. नुसत्या संघाने आणि जॅकेटांनी ते झाले नसते, असे माझे ठाम मत आहे.

ब्रिटिश कारखान्यांच्या बाबतीत उलटे घडले. होंडाच्या छोट्या गाड्या बाजारात आल्या तेव्हा तेथील उद्योगात असा विश्वास होता की जपानी लोक लहान इंजिनांतच रमतील आणि त्यांच्या गाड्यांवर शिकलेले चालक पुढे मोठ्या ब्रिटिश गाड्या घेतील. १९६९ मध्ये होंडाची सीबी ७५० आली: चार सिलिंडर, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आणि किक मारण्याऐवजी बटणावर सुरू होणारे इंजिन. नव्या कल्पना अंगावर आल्यावर जुन्या नावाला फार काळ तग धरता आला नाही. १९७३ मध्ये बीएसए आणि ट्रायम्फ नॉर्टनच्या नव्या समूहात विलीन करावे लागले, आणि ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना १९८३ मध्ये बंद पडला. आपल्या आवडत्या कंपनीचे भले व्हावे असे वाटत असेल तर तिच्या दोषांची तक्रार तिच्याकडे लेखी, तारीख आणि किलोमीटरसह करावी. दोष झाकून तिचा बचाव करणारा चाहता तिला काहीच देत नाही.

स्कूटर आणि सीसीची उतरंड

चालकांमधील एक जुनी फूट मोटरसायकल आणि स्कूटर यांच्यात आहे. १९६४ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर, क्लॅक्टन आणि नंतर ब्रायटन येथे, स्कूटर चालवणारे मॉड्स आणि मोटरसायकल चालवणारे रॉकर्स या तरुणांच्या दोन गटांत मारामाऱ्या झाल्या. कपडे आणि संगीत वेगळे होतेच, पण दुरून ओळख पटत असे ती गाडीवरून. माणसाला गट पाडायला किती थोडे पुरते हे मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगांत दाखवले. चित्रांच्या आवडीवरून गट पाडल्याचे मुलांना सांगितले गेले, प्रत्यक्षात वाटणी कशीही केली होती. तरीही पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, आणि कित्येकदा आपल्या गटाला जास्त मिळण्यापेक्षा दुसऱ्या गटाशी असलेला फरक वाढवणे पसंत केले. सीसीवरून चालणाऱ्या चर्चेत याच प्रवृत्तीचे रूप दिसते.

यावर उपाय म्हणजे स्कूटर प्रत्यक्ष चालवून पाहणे, आणि तत्पूर्वी ती कशी बनली हे वाचणे. १९४६ ची व्हेस्पा ज्यांनी आखली ते कोर्रादिनो दास्कानियो हेलिकॉप्टरचे अभियंते होते आणि त्यांना मोटरसायकल मुळीच आवडत नसे. म्हणून त्यांनी दोन्ही पायांच्या मधला सांगाड्याचा भाग काढून पाय ठेवायला सपाट जागा केली, चेन काढून टाकली, इंजिन पत्र्याच्या आत झाकले, आणि पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले, जेणेकरून पंक्चर झाल्यावर ते सहज काढता यावे. आजच्या बहुतेक पेट्रोल स्कूटरमध्ये गिअरऐवजी व्हेरिएटर असतो: इंजिनाचे फेरे वाढले की त्यातील रोलर बाहेर सरकतात, पट्टा रुंद वर्तुळावर चढतो, आणि गाडी न अडखळता वेग घेते. या रचनेच्या मर्यादाही खऱ्या आहेत. लहान चाक खड्ड्यात अधिक खोल जाते, आणि इंजिन मागच्या चाकाबरोबर वरखाली होत असल्यामुळे मागचा धक्का जास्त जाणवतो. वारंवार थांबत जाण्याच्या प्रवासाला स्कूटर आणि खराब रस्त्याच्या लांब पल्ल्याला मोठ्या चाकाची मोटरसायकल, हा निष्कर्ष यंत्रातून निघतो. चालवणाऱ्याच्या योग्यतेविषयी त्यातून काही निघत नाही.

ज्यांना सीसीशिवाय मोजमाप सुचत नाही त्यांनी होंडाच्या सुपर कबचा विचार करावा. १९५८ मध्ये छोट्या इंजिनासह आणि हाताच्या क्लचशिवाय आलेल्या या गाडीचे उत्पादन २०१७ मध्ये दहा कोटींवर पोहोचले. जगात इतक्या संख्येने दुसरे कोणतेही मोटरवाहन बनलेले नाही.

नवख्याला सल्ला देताना

तोऱ्याचे खरे नुकसान येथे होते. नवखा माणूस ‘कोणती गाडी घेऊ’ असे विचारतो तेव्हा आपली कंपनी सांगण्याचा मोह आवरावा आणि आधी आपणच प्रश्न विचारावेत: रोज किती अंतर, कसला रस्ता, मागे कोण बसणार, गाडी कुठे उभी राहणार, जवळ दुरुस्ती करणारा कोण आहे, आणि सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतात का? ‘लहान गाडी वर्षभरात कंटाळवाणी होते’ हे वाक्य मी अनुभवी लोकांकडून शेकडो वेळा ऐकले आहे, आणि त्याच वाक्यामुळे लोक न पेलणारी जड, ताकदवान गाडी घेतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारे अंतर जवळजवळ चौपट होते. हे गणित सवयीने अंगवळणी पडेपर्यंत हाताशी कमी ताकद असणे चांगले. हेल्मेटच्या बाबतीतही नावाऐवजी अधिकृत प्रमाणचिन्ह आणि डोक्याला घट्ट बसणारे माप पाहायला सांगावे.

तेल आणि टायर यांच्यावरून होणारे वाद तर सहज टाळता येतात. डब्यावरील कंपनीपेक्षा डब्यावरील अक्षरे महत्त्वाची असतात. क्लच तेलात बुडालेला असतो अशा मोटरसायकलला जासो या जपानी मानक संस्थेचे ‘एमए’ किंवा ‘एमए-२’ दर्जाचे तेल लागते. ‘एमबी’ दर्जाचे निसरडे तेल त्यात घातले तर क्लच सरकू लागतो, पण व्हेरिएटरच्या स्कूटरला तेच योग्य असते. गाडीच्या पुस्तिकेतील दर्जा आणि घट्टपणा जुळला की नावाचा आग्रह सोडावा. टायरवर चार अंकी आकडा असतो, त्यातील पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. नामांकित कंपनीचा पण कित्येक वर्षे पडून राहिलेला टायर घेण्यापेक्षा साध्या कंपनीचा ताजा, योग्य मापाचा टायर मी केव्हाही घेईन.

तोरा आपल्या वाट्याला आल्यास

समोरचा आपल्या गाडीला नावे ठेवू लागला तर आपल्या कंपनीची वकिली करू नये, कारण तिने आपल्याला नेमलेले नाही. त्याच्या बोलण्यात तथ्य असेल तर मान्य करावे, आणि मग त्याच्या गाडीविषयी एखादा नेमका प्रश्न विचारावा: चेन किती किलोमीटरला बदलली, पावसात मागचा ब्रेक कसा वागतो. बहुतेक माणसे अशा प्रश्नावर खुलतात. जे खुलत नाहीत त्यांच्याशी बोलणे आवरते घ्यावे.

वेगवेगळ्या गाड्यांचा एकत्र प्रवास

हे सर्व अंगी बाणवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांच्या आणि ताकदीच्या गाड्यांनी एकत्र निघणे, पण त्याची आखणी नीट हवी. नाहीतर लहान गाडीवाला दिवसभर मागे फरफटतो आणि त्याचा अपमान कुणी न करताही होतो. पुढाऱ्याने सर्वांत लहान इंजिनाच्या गाडीला झेपेल तेवढ्याच वेगाने चालावे, म्हणजे तिचा वेग हाच सर्वांचा वेग होतो. पेट्रोलचे थांबे सर्वांत लहान टाकीच्या हिशेबाने ठरवावेत. प्रत्येक वळणावर पुढाऱ्यामागच्या गाडीने रस्ता दाखवत थांबावे आणि शेवटची गाडी आल्यावर तिच्या पुढे लागावे. या पद्धतीत पाठलाग करण्याची गरज उरत नाही आणि प्रत्येकाला पुढे राहण्याची पाळी मिळते. शेवटी चालणारा सर्वांत अनुभवी आणि शांत डोक्याचा असावा. निघण्यापूर्वी त्याने कोणाच्या टायरमध्ये ट्यूब आहे आणि कोणाचे ट्यूबलेस आहेत हे विचारून दोन्ही प्रकारचे पंक्चरचे साहित्य, स्कूटरच्या चाकाच्या मापाची एक ट्यूब आणि हवेचा पंप बरोबर घ्यावा.